पेरू, जाम आणि नासपातीची सावली

बाजारातल्या फळांची नावे आपण इतक्या सहजपणे घेतो, की त्या नावांना काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. पेरू हे त्यातलेच एक. मीठ-तिखट लावलेली पेरूची फोड तोंडात टाकताना कोणी व्युत्पत्तीचा विचार करत नाही. पण या एका फळाची भारतभरची नावे एका कागदावर मांडली, की माणूस चक्रावतो. पुण्या-मुंबईत पेरू, गोव्यात पेर, विदर्भ-मराठवाड्यात जाम किंवा जांब, गुजरातेत जामफळ, आंध्र-तेलंगणात जामा, हिंदीत अमरूद, छत्तीसगडात बिही, बंगालात पेयारा, तमिळनाडूत कोय्या, केरळात पेरक्का. आंब्याच्या बाबतीत असे होत नाही. आम, आम्र, आंबा, आंबो यांत एकच धागा स्पष्ट दिसतो. पेरूच्या नावांत मात्र निदान चार-पाच वेगवेगळे धागे आहेत. एखाद्या गोष्टीला जागोजागी वेगळी नावे असली, तर ती गोष्ट बाहेरून आणि तुलनेने उशिरा आली असावी, असा भाषाभ्यासकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. पेरूला तो तंतोतंत लागू पडतो.

फळ अमेरिकेचे, याबद्दल वाद नाही. उष्ण कटिबंधातली मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतची भूमी हे त्याचे माहेर. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळच्या काराल या प्राचीन नगरीच्या उत्खननातही या फळाचे अवशेष सापडले आहेत. ती वसाहत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. युरोपीय माणसाने हे फळ प्रथम पाहिले ते कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर. ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने 1535 साली छापलेल्या ग्रंथात या झाडाचे वर्णन ‘गुआयाबो’ या नावाने केले आहे. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा हा शब्द. त्याचेच स्पॅनिशमध्ये ‘ग्वायाबा’, पोर्तुगीजमध्ये ‘गोयाबा’ आणि इंग्रजीत ‘ग्वावा’ झाले. तमिळ ‘कोय्या’चा संबंधही याच ‘गोयाबा’शी जोडला जातो. म्हणजे फळाबरोबर त्याचे जन्मनाव जवळजवळ शाबूत पोचले ते तमिळ मुलखात. मग आपल्याकडे ‘पेरू’ कुठून आले?

पेरू देशावरून?

सर्वांत लोकप्रिय उत्तर असे, की हे फळ पेरू देशातून आले म्हणून त्याला पेरू म्हणतात. लहानपणापासून आपण सगळ्यांनी हे ऐकले आहे आणि ते पटतेही, कारण नाव हुबेहूब जुळते. पण व्युत्पत्तीच्या क्षेत्रात हुबेहूब जुळणाऱ्या गोष्टींकडेच जरा संशयाने पाहावे लागते.

पहिली अडचण अशी, की खुद्द पेरूमध्ये या फळाला पेरू कोणी म्हणत नव्हते. इन्का राजघराण्याचा रक्तसंबंध असलेला, कुस्को येथे जन्मलेला लेखक गार्सिलासो दे ला व्हेगा याने 1609 साली लिस्बनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की स्पॅनिश लोक ज्याला ग्वायाबा म्हणतात त्याला तिथले लोक ‘साविंतू’ म्हणतात. हा केचुआ भाषेतला शब्द.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पेरू’ नावाचा शब्द आहे आणि तो पेरू देशावरूनच पडला आहे. पण त्याचा अर्थ आहे टर्की हा पक्षी! हा पक्षीही अमेरिकेचाच. पोर्तुगिजांना तो पेरूचा वाटला, इंग्रजांना तुर्कस्तानचा वाटला आणि तुर्कांनी तर त्याचे नाव ‘हिंदी’ ठेवले. हा पोर्तुगीज शब्द भारतातही आला. हिंदीच्या जुन्या कोशांत ‘पेरू’ किंवा ‘पीरू’ म्हणजे टर्की पक्षी असा अर्थ मिळतो. देशाचे नाव घेऊन जो शब्द आला, तो फळासाठी आला नाही, पक्ष्यासाठी आला.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. देशाचे नाव फळाला मिळाले असते, तर ते सगळीकडे ‘पेरू’ असे, शेवटच्या ऊकारासकट पोचायला हवे होते. प्रत्यक्षात किनाऱ्याने खाली उतरत जावे तर काय दिसते? गोव्यात ‘पेर’, दक्षिण कन्नड भागात ‘पेरळे’, केरळात ‘पेर’ आणि त्याला फळवाचक ‘काय’ जोडून झालेले ‘पेरक्का’, श्रीलंकेत सिंहलीमध्ये ‘पेर’, आणि वळसा घालून बंगालात ‘पेयारा’. ऊकार फक्त आपल्या मराठीत आहे. एका अपवादावरून मूळ ठरवायचे, की उरलेल्या सगळ्यांवरून?

जाता जाता आणखी एका तर्काचाही निकाल लावू. पक्षी याच्या बिया जागोजागी ‘पेरतात’ म्हणून पेरू, असे काही जण सांगतात. उसाच्या पेराशीही नाते लावले जाते. परंतु उसाचे किंवा बोटाचे पेर संस्कृत ‘पर्व’ या शब्दापासून आले आहे. त्याचा या बियाळ, गोल फळाशी काही संबंध नाही. शिवाय मराठी पेरणी सिंहली भाषेत कशी पोचली, हेही मग सांगावे लागेल.

नासपातीची सावली

वरची किनाऱ्याची यादी पुन्हा वाचा. गोवा, मंगळूरचा परिसर, केरळ, श्रीलंका आणि बंगालातली हुगळी. ही पोर्तुगिजांच्या वखारींची आणि वसाहतींची यादी आहे. गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतला आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हुगळीलाही स्थिरावले. पोर्तुगीज भाषेत ‘पेरा’ म्हणजे नासपाती. देठाकडे निमुळते आणि खाली फुगीर असे हे नवे फळ पाहून पोर्तुगीज खलाशाला, सैनिकाला, पाद्र्याला आपल्या गावची नासपाती आठवली आणि त्याने तेच नाव देऊन टाकले. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो या थोर गोमंतकीय भाषापंडिताने आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा जो संग्रह 1913 मध्ये सिद्ध केला, त्यात या फळाची ही नावे ‘पेरा’शीच जोडली आहेत.

याला गोव्याच्या स्वयंपाकघरातून एक भक्कम पुरावा मिळतो. नाताळच्या फराळात गोव्यातली ख्रिस्ती घरे पेरूच्या गराची जी घट्ट वडी करतात, तिला ‘पेराद’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘पेरादा’ म्हणजे नासपातीचा घट्ट आटवलेला मुरंबा. ‘मार्मेलो’ या फळाचा तो ‘मार्मेलादा’, ज्यापासून आपण ओळखतो ते ‘मार्मालेड’ आले. ब्राझीलमध्ये याच पेरूच्या वडीला ‘गोयाबादा’ म्हणतात, कारण तिथे फळाचे मूळ नाव टिकले. गोव्यात मात्र गोयाबादाऐवजी पेराद झाले. गोव्यातला पोर्तुगीज माणूस पेरू खाताना नासपातीच आठवत होता, याला याहून गोड साक्ष कोणती हवी?

मग मराठीतला ऊकार? मला त्याच्या दोन वाटा दिसतात. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’चाच पुल्लिंगी भाऊ म्हणावा असा ‘पेरो’ हा शब्द आहे. तो एका लांबट सफरचंदासाठी वापरतात आणि त्याचा उच्चार शेवटी ‘ऊ’च्या जवळ जातो. दुसरी वाट मराठीच्या आतली. आपल्याकडे लिंबू, काजू, चिकू अशी ऊकारान्त फळांची रांगच आहे. त्या रांगेत उभे राहताना ‘पेर’ने त्यांच्यासारखाच वेष घेतला असेल, तर नवल नाही. पेर हा शब्द उसासाठी आणि बोटासाठी आधीच राबत होता, तेव्हा फळाने थोडे वेगळे दिसणे सोयीचेच होते. यांतली कोणतीही वाट धरा, उगम बदलत नाही.

फारशीतही तेच

आता हिंदीतला ‘अमरूद’ पाहू. अमृताशी त्याचा संबंध लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण हा सरळ फारशी शब्द आहे आणि फारशीत ‘अमरूद’ म्हणजे नासपाती. तुर्कीतही ‘आर्मूत’ म्हणजे नासपातीच. म्हणजे समुद्रावरून आलेल्या पोर्तुगिजाने आणि खैबरपलीकडच्या भाषेत वाढलेल्या उत्तर भारतीयाने, एकमेकांना न विचारता, या फळाला एकच नाव दिले. छत्तीसगडातला ‘बिही’ त्याच घरातला. फारशीत ‘बिही’ म्हणजे नासपातीचेच एक भावंड, ज्याला पोर्तुगीज मार्मेलो म्हणतात. हिंदीला ही उधळपट्टी परवडली, कारण खऱ्या नासपातीसाठी ‘नासपाती’ हा दुसरा शब्द हाताशी होता. त्यामुळे ‘अमरूद’ मोकळा झाला आणि नव्या पाहुण्याला मिळाला.

शब्दाचे असे घर बदलणे इतिहासकाराला किती महागात पडू शकते, याचे उत्तम उदाहरण यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात आहे. अमीर खुसरोच्या लेखनाच्या एका इंग्रजी अनुवादात केळ्याची थोरवी सांगताना पेरूचा उल्लेख आलेला त्यांना आढळला. खुसरो वारला 1325 मध्ये. कोलंबस निघाला त्याच्या दीडशेहून अधिक वर्षांनंतर. मग खुसरोने पेरू कुठे पाहिला? कोशकारांनी दोष अनुवादाला दिला. मूळच्या संदिग्ध शब्दाचे भाषांतर निष्काळजीपणे झाले, असे त्यांचे मत. त्या वाक्यात पेरूच्या शेजारी ‘बिही’च्या जातीचे फळ आहे, हे लक्षात घेतले की माझ्या मते चित्र स्वच्छ होते. खुसरो खुरासानकडच्या थंड मुलखातल्या फळांबद्दल बोलत असणार. नासपाती खाऊन वाढलेल्या माणसाला केळ्याची गोडी काय कळणार, असा त्याचा रोख. अनुवादकाच्या काळापर्यंत हिंदुस्थानात अमरूदचा अर्थ बदलून गेला होता, आणि त्याने नवा अर्थ जुन्या मजकुरात घातला. ‘आईने अकबरी’तल्या अमरूदाबद्दलही हीच सावधगिरी बाळगावी लागते. तुराणच्या फळांत जेव्हा अमरूद येतो, तेव्हा तो पेरू असण्यापेक्षा नासपाती असण्याचाच संभव अधिक.

याचा धडा एवढाच, की जुन्या ग्रंथात शब्द सापडला म्हणजे वस्तू सापडली असे नाही. ‘आमच्याकडे हे कोलंबसाच्या आधीपासून होते’ असे दावे बहुधा अशाच घर बदललेल्या शब्दावर उभे असतात. पेरूसाठी आधुनिक संस्कृत पाठांत ‘पेरुकम्’ असा शब्द दिसतो. तो पाहून पेरूचे मूळ संस्कृतात आहे असे कोणी म्हटले, तर ते नातवाच्या नावावरून आजोबांचे बारसे करण्यासारखे होईल.

आणि जाम?

आतापर्यंत मी ज्या नावाला हात लावला नाही, ते माझ्या घरचे नाव. मी परभणी जिल्ह्यातला. आमच्याकडे जामाची झाडे, जामाची भाजी, जामाचा हंगाम. पेरू हा शब्द मला पाठ्यपुस्तकाने शिकवला. शिक्षणासाठी पुण्याला आल्यावर हातगाडीपाशी ‘जाम कसे दिले?’ असे विचारले, तेव्हा बरोबरचे मित्र हसले होते. ते हसू मी विसरून गेलो होतो. पण काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका छोट्या मुलीची वही पाहण्यात आली. फळाच्या चित्राखाली तिने ‘जाम’ लिहिले होते आणि त्यावर तांबडी फुली मारून शेजारी ‘पेरू’ असा ‘शुद्ध’ शब्द लिहिला होता. मुलीने मला विचारले, ‘काका, आजी चुकीचं बोलते का?’ हा लेख लिहिण्याचे खरे कारण तो प्रश्न आहे.

‘जाम’ आला संस्कृत ‘जम्बू’ पासून. जांभूळ त्याच कुळातले. कोकणात आणि गोव्यात ‘जाम’ म्हणजे पांढरे-गुलाबी, घंटेच्या आकाराचे, पाणीदार फळ. तेही जांभळाचे भावंड. कोकणात हे झाड आधीपासून होते, म्हणून जाम हे नाव तिथे गुंतलेले होते आणि नव्या फळाने पोर्तुगीज नाव घेतले. घाटावर, पठारावर ते फळ फारसे नव्हते. तिथे नाव रिकामे होते, ते नव्या पाहुण्याला दिले गेले, असा माझा तर्क आहे. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेलुगूतला ‘जामा’, हैदराबादी दखनीतला ‘जाम’ आणि आमचा जाम हे एकाच मांडवातले सोयरे आहेत. ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्येही दख्खन, गुजरात आणि मध्य प्रांतात या फळाला जाम म्हणतात, अशी नोंद आहे. तेव्हा हा शब्द खेड्यातल्या कोणा म्हातारीच्या तोंडचा अपभ्रंश नाही. निम्म्या दख्खनचा तो शब्द आहे.

आता वनस्पतिशास्त्र काय म्हणते ते पाहा. पेरूचे शास्त्रीय नाव ‘सिडियम ग्वाजावा’. लिनिअसने 1753 मध्ये दिलेले. यातला ‘सिडियम’ हा भाग ग्रीकांच्या डाळिंबवाचक शब्दावरून आला असे सांगतात, म्हणजे शास्त्रानेही एक नाव उसनेच घेतले. पुढे 1762 मध्ये लिनिअसने नासपातीच्या आकाराचा आणि सफरचंदाच्या आकाराचा अशा पेरूच्या दोन जाती मानल्या, त्या आज एकच समजल्या जातात. नासपातीची सावली त्याच्यावरही पडली होती! पण पेरूचे कुळ मात्र ‘मिर्टेसी’. आणि या कुळात आपल्या ओळखीचे कोण कोण आहे? जांभूळ, कोकणातला जाम, लवंग, निलगिरी. नासपाती, सफरचंद आणि बिही हे गुलाबाच्या कुळातले. पेरूशी त्यांचे जवळचे नाते नाही.

म्हणजे पोर्तुगिजाने आणि फारशी बोलणाऱ्याने फळाचा आकार पाहिला. ज्यांनी त्याला जाम म्हटले, त्यांनी झाड पाहिले असावे. पेरूच्या फांदीवर पाने समोरासमोर जोडीने येतात, तशीच जांभळाची. पेरूचे फूल म्हणजे पांढऱ्या केसरांचा झुबका, जांभळाचेही तसेच, आणि कोकणच्या जामाचे तर अधिकच ठसठशीत. फळाच्या टोकाला फुलाच्या निदलांचा उरलेला मुकुट पेरूला असतो, जामालाही असतो. झाडांत वावरणाऱ्या माणसाला हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

हे एकटे उदाहरण असते, तर मी योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण अमेरिकेहून आलेल्या शेंगेला आपण भुईमूग म्हटले. भुईमूग आणि मूग एकाच कुळातले. टोमॅटोला जुन्या मराठीत ‘बेलवांगे’ म्हणत. टोमॅटो आणि वांगे एकाच कुळातले. विलायती चिंच आणि चिंच यांचेही कूळ एकच. प्रत्येक वेळी असे घडते असा माझा दावा नाही. काजू हा आंब्याच्या कुळातला असूनही त्याचे ब्राझीलहून आलेले नावच आपण ठेवले, आणि बटाट्याचेही परदेशी नाव चालू ठेवले. पण जिथे आपल्या लोकांनी स्वतः नाव दिले, तिथे त्यांची नजर बरीचशी सोयरिकीवर होती, असे म्हणायला जागा आहे.

शुद्ध कोण?

एवढी उलाढाल केल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. पेरू हा शब्द पोर्तुगीज वळणाचा, मुळात दुसऱ्याच फळाचा आणि केवळ आकारावरून पडलेला. जाम हा शब्द संस्कृतोद्भव, दख्खनभर पसरलेला आणि फळाच्या खऱ्या गोतावळ्याकडे बोट दाखवणारा. शुद्धतेची जी कसोटी वहीत फुली मारताना लावली गेली, तीच काटेकोरपणे लावली तर फुली उलट बाजूला पडेल.

पण मला ती उलटी फुलीही नको आहे. पेरू हा आज अस्सल मराठी शब्द आहे. चावी, साबण, पगार, बटाटा आणि हापूस जितके मराठी, तितकाच तो मराठी. चार शतके जिभेवर राहिलेल्या शब्दाला परका म्हणणे हा कोतेपणा होईल. मागणे एवढेच, की हा न्याय दोन्हीकडे असावा. प्रमाणभाषा ही एकमेकांशी बोलण्याची सोय आहे. ती सोय शिकवताना घरातला शब्द चूक ठरवण्याची गरज नाही. ‘पुस्तकात पेरू म्हणतात, तुमच्याकडे जाम म्हणतात, गोव्यात पेर म्हणतात’ एवढे एक वाक्य वर्गात उच्चारले, तर मुलांना एका फळातून भूगोल, इतिहास आणि वनस्पतिशास्त्र या तिन्हींची चव मिळेल.

नावे फसवतात, हे तर पेरूच्या बाजारातही दिसते. महाराष्ट्रात लावले जाणारे एक नामांकित वाण ‘लखनौ-49’ म्हणून ओळखले जाते. त्याचे दुसरे नाव ‘सरदार’. नावात लखनौ असले तरी त्याची निवड झाली ती पुण्याला, गणेशखिंडीच्या फळसंशोधन क्षेत्रावर. अमेरिकेचे फळ, पोर्तुगीज नाव, लखनौचे आडनाव आणि पुण्याचा जन्म! हिवाळ्यात गाडीवर रचलेल्या त्या पिवळट ढिगाकडे पाहून कोणी त्याचे कूळ विचारत नाही. विकत घेणारा फक्त वास घेतो, बोटाने हलकेच दाबतो आणि पिशवी पुढे करतो.

त्या मुलीला मी सांगितले, की आजी चुकीचे बोलत नाही. आणि वहीत दोन्ही शब्द लिहायला सांगितले.